आधी हाताने दाबून बघ

प्रिय ताई,

तुझ्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. दहा वाजून वीस मिनिटं झालीत. अकराला मला आत बोलावणार आहेत. आत पाच माणसं असतील आणि त्यांना मला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुला आधी कळायला हवी. नाहीतर म्हणशील, वनू, माझ्याबद्दल बोललीस आणि मलाच शेवटी कळवलंस!

कागद आणलेला नाही. तुझीच वही पर्समध्ये आहे, निळ्या कव्हराची. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. तुझ्या वहीत दुसऱ्याचं अक्षर तुला कधी खपायचं नाही. आज खपवून घे.

तुला जाऊन सात आठवडे झाले. आणि त्यातल्या तिसऱ्या आठवड्यात तुझ्या यंत्राने एका मुलीची दोन बोटं मोडली.

ऋतुजा तिचं नाव. शेवटच्या वर्षाला आहे. तू तिला ओळखतेस. दिघ्याची आहे, आपल्याच दिघ्याची! सोमवारची पहिली बॅच होती. तुझ्या जागी दुसऱ्या विभागातले एक सर आले होते, नवे. त्यांनी कंट्रोलर चालू करायला सांगितला. वरची प्लेट शांत व्हायच्या ऐवजी उसळली. एकदा, मग त्याहून जोरात, मग त्याहून. ऋतुजाचा उजवा हात प्लेट आणि वरच्या लोखंडी पट्टीच्या मध्ये सापडला. नंतर बघितलं तेव्हा कळलं की मोटरच्या दोन तारा, लाल आणि काळी, उलट्या जोडलेल्या होत्या.

रजिस्टरमध्ये त्या सकाळची सही बबनदादांची आहे. ‘यंत्र तपासले, ठीक.’ तुझा लॅब असिस्टंट, एकवीस वर्षं तुझ्यासोबत त्या लॅबमध्ये राबलेला माणूस. आज त्यांची नोकरी राहणार की जाणार, ते ठरायचं आहे. आणि त्यांनी चौकशीत लिहून दिलंय, चूक माझी.

ती तार कुणी उलटी लावली, ते तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. मला त्याहून जास्त माहीत आहे, आणि तेच सांगायचंय. पण थोडं थांब. मला नीट क्रमाने सांगू दे.

तुझं ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले होते, आठवतं? एवढी वर्षं तू ‘गाडीचं सस्पेन्शन शिकवते’ म्हणायचीस. मला वाटलं होतं, लॅबमध्ये निदान अर्धी मोटार तरी उभी असेल. बघते तर टेबलावर गुडघाभर उंचीचा एक सांगाडा. एकावर एक तीन प्लेटा, मध्ये स्प्रिंगा.

“ही गाडी?”

“ही गाडी. नीट बघ. खालची प्लेट म्हणजे रस्ता. मधली म्हणजे चाक. आणि वरची म्हणजे तू.”

“मी?”

“तू, तुझी पर्स आणि मांडीवरचा डबा.”

मग वरच्या प्लेटवर तू पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवलास आणि रस्ता हलवायला सुरुवात केलीस. पेला थडथडला, पाणी टेबलावर सांडलं. पुन्हा भरलास. या वेळी कंट्रोलर चालू केलास. रस्ता तसाच हलत होता, चाक तसंच नाचत होतं, आणि पेल्यातलं पाणी जेमतेम थरथरत होतं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. तू म्हणालीस, “जादू नाही गं. तू हललीस की सेन्सर सांगतो, आणि मोटर तुला उलट बाजूने ढकलते. एवढंच. बाकी सगळं गणित.”

पहिल्या तासाला दर वर्षी तू एकच वाक्य म्हणायचीस असं मुलं सांगतात. ‘खड्डा चाकाला कळू दे, माणसाला कशाला?’ ते तू कुठून आणलंस, हे त्यांना ठाऊक नाही. मला आहे. बाबा तळोज्याहून कंपनीच्या बसने यायचे, मागच्या चाकावरच्या सीटवर बसून. घरात आले की आधी जमिनीवर पालथे पडायचे. आपण दोघी त्यांच्या पाठीवर पाय देऊन उभ्या राहायचो. तू डावीकडे, मी उजवीकडे. तू वजनाने जास्त होतीस म्हणून बाबा म्हणायचे, शालू, जरा हळू, तू तर बसपेक्षा वाईट आहेस!

तू त्या पाठीचं गणित केलंस, ताई. मी त्यावर एक लेख लिहिला आणि विसरून गेले.

आता तुझी ती खोड. हो, खोडच म्हणते मी. तू तिला पद्धत म्हणायचीस.

सेमिस्टरमध्ये एखाद्या सोमवारी, कुठला ते कुणालाही न सांगता, तू मोटरच्या तारा उलट्या जोडून ठेवायचीस. मुलं यायची, आपापलं गणित कॉम्प्युटरवर चढवायची, आणि चालू करायच्या आधी प्रत्येकाने एक गोष्ट करायची असा तुझा नियम. मोटरला अगदी नावापुरती वीज द्यायची आणि वरची प्लेट हाताने खाली दाबून बघायची. मोटरने विरोध केला तर तार बरोबर. मोटर तुमच्याच बाजूने दाबायला लागली तर तार उलटी, आणि मग पूर्ण वीज दिलीत तर ती कुणाला आवरणार नाही.

लेखासाठी मी एक सोमवार तुझ्या लॅबमध्ये बसले होते. एक उंच मुलगा होता, सारखा घड्याळ बघणारा.

“मॅडम, चालू करू का?”

“तुझी गाडी आहे. मला काय विचारतोस?”

तो बटणाकडे वळला. तू काही बोलली नाहीस, नुसती त्याच्या हाताकडे बघत राहिलीस. तो ओशाळला. प्लेट दाबली आणि चमकून मागे सरकला.

“मॅडम, मी खाली दाबतोय तर मोटरपण खालीच ओढतेय!”

“लाड करतेय तुझे.”

“तार उलटी आहे! कुणी लावली?”

“लॅबमध्ये भूत आहे.”

“मग भुताच्या नावावर पाच चहा सांगू का?”

कोपऱ्यातून बबनदादा ओरडले, “भुताची उधारी कॅन्टीनवाला घेत न्हाय रं! मॅडमचं नाव सांग!”

ज्या बॅचला तार सापडायची तिला तुझा चहा. जिला सापडायची नाही तिने बबनदादांना पाजायचा. आणि या सगळ्या हसण्याखिदळण्यात तुझा डावा पंजा यंत्र बंद करायच्या लाल बटणावर असायचा. मी तो बघत होते. एकदाही हलला नाही. म्हणून त्या लॅबमध्ये कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

पण ताई, तो पंजा तुझा होता! यंत्राला तो जोडलेला नव्हता. हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही?

मी तुला विचारलं होतं. रागावू नकोस, पण विचारलं होतं. तार शुक्रवारी संध्याकाळीच का फिरवून ठेवतेस? तू म्हणालीस, सोमवारी साडेआठला बॅच असते, पोरं आठपासून दाराशी उभी असतात, त्यांच्यासमोर फिरवू का? शनिवार-रविवार लॅबला कुलूप असतं. मी म्हटलं, निदान एक पाटी अडकवत जा. तर म्हणालीस, “पाटी लावली की तपासणं संपलं. मग ती कॉपीच.” आणि तू नसलीस तर, असं मी विचारलं तेव्हा हसून म्हणालीस, “मी कुठे जातेय?”

कुठे गेलीस, सांग आता!

बबनदादा आले होते मघाशी. हातात दोन चहाचे ग्लास. इस्त्रीचा शर्ट घातलाय, वरचं बटणसुद्धा लावलंय. माझ्याशेजारी बसले, पण टेकले नाहीत. बाकाच्या कडेवर बसले.

“वनिताताई, चा घ्या. तुमी कशाला आल्या? मी लिवून दिलंय ना. चूक माझी हाय.”

“बबनदादा, त्या सकाळी तुम्ही यंत्र तपासलं होतं?”

“न्हाय.”

“मग सही?”

त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. “मॅडम गेल्यापासून त्या टेबलाला कुनी हात लावला नव्हता. शेवटचा हात मॅडमचा. त्याच्यावर मी काय तपासू? कुलूप उगडलं, सही केली. त्यांचा हात लागलेला हाय म्हनजे बराबर हाय, असं वाटलं मना.”

ताई, ऐकलंस? एकवीस वर्षं तू त्या खोलीत ओरडून सांगितलंस, कुणावर विश्वास ठेवू नका, हाताने दाबून बघा. आणि या माणसाने तुझ्यावर विश्वास ठेवला. तुझ्या हाताखाली शिकलेल्या कुणीही केली नसती अशी चूक, आणि तुझ्या हाताखाली शिकलेला माणूसच करू शकेल अशी चूक.

“तुम्हाला माहीत होतं ना, ताई तार फिरवायची ते?”

“मना ठावं हाय. पन ते आत न्हाय बोलायचं.” त्यांनी माझ्या पर्सकडे बघितलं. “ती निळी वही घरीच ठेवायची व्हती. बरं झालं, तवा कॉलेजात जमा न करता तुमच्या हातात दिली.”

“तुमची नोकरी जाईल, दादा.”

“जाईल तर जाईल. हे कॉलेज उभं ऱ्हायच्या आदी हितं आमची भाताची खाचरं व्हती, ती गेली तवाबी जगलो. मी काय उपाशी मरत न्हाय. मॅडमच्या नावाला डाग नको. पाटी बनून आलीय. माझ्या कपाटात हाय. मी घासून ठेवलीय.”

पाटी पितळेची आहे. तुझ्या लॅबला तुझं नाव द्यायचं ठरलंय, हे तुला मी अजून सांगितलं नाही ना? काल तुझ्या विभागप्रमुख मॅडमचा फोन आला होता. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, “वनिताताई, शालिनी मॅडमचं नाव जपणं ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे. त्यांचे काही जुने कागद वगैरे घरी असतील, तर ते घरीच असू द्यात. उद्या तुम्ही आला नाहीत तरी चालेल.” मी म्हटलं, येते. मग म्हणाल्या, “विचार करा. बबनचं काय, त्याला आम्ही सांभाळून घेऊ कुठेतरी.”

कुठेतरी म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. बत्तीस वर्षं बातम्या लिहिल्यात. ‘कुठेतरी’ म्हणजे कुठेच नाही, हे मला कळतं.

दहा पन्नास. आता ते सांगते, जे फक्त तुला आणि मला माहीत आहे.

त्या शनिवारी सकाळी आपण रिक्षाने हॉस्पिटलला गेलो. नेरूळच्या पुलाखालून जाताना रिक्षा एका खड्ड्यात आदळली. तू छातीवर हात धरून म्हणालीस, “बघ, याला कंट्रोलर नाही.” मी हसले नाही. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, “सॉरी मॅडम.” कॅज्युअल्टीत तुला आडवं केलं, तारा लावल्या. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, काही घरचं सांगशील. पासबुक, किल्ल्या, आईच्या बांगड्या, असं काहीतरी.

तू म्हणालीस, “वनू, बबनला फोन कर. तार उलटी आहे म्हणावं. सोमवारी मी नसेन तर सुलटी करून ठेवायला सांग.”

मी म्हटलं, “हो.”

तू म्हणालीस, “लिहून घे.”

मी लिहून घेतलं, ताई! पेन काढलं, छोट्या डायरीत लिहिलं. ‘बबन – तार.’ ती डायरी आत्ता माझ्याकडे आहे. अक्षर अगदी स्वच्छ आहे.

मग ऑफिसचा फोन आला. रविवारचं पान छपाईला सोडायचं होतं, एक लेख माझ्याकडे अडकला होता. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन सात मिनिटं बोलले. परत आले तेव्हा पडदा ओढलेला होता आणि आत धावपळ चालली होती. दुपारी तू गेलीस. पान वेळेवर गेलं.

त्या दिवशी विसरले, त्याबद्दल मी स्वतःला माफ करू शकले असते. खरंच करू शकले असते. कुणीही विसरलं असतं.

पण पाचव्या दिवशी बबनदादा घरी आले. तुझी पिशवी घेऊन आले होते. चष्म्याचं घर, रुमाल, ही वही. माझ्यासमोर खुर्चीवर बसून ते रडत होते. मी वही उघडली आणि मला ते आठवलं. तो माणूस माझ्यापासून दोन हातांवर होता. एक वाक्य बोलायचं होतं. फोनसुद्धा करायची गरज नव्हती!

मी बोलले नाही. घरात माणसं होती, पुण्यानुमोदनाची तयारी चालली होती, भन्तेजींना आणायला गाडी पाठवायची होती, आणि मला वाटलं, लॅब तर बंद आहे. तुझ्या जागी इतक्यात कोण येतंय? नंतर सांगू. आमच्या धंद्यात ज्या कामाला वेळ ठरलेली नसते ते काम मागे पडतं. तू सांगितलेला सोमवार उलटून गेला होता, आणि आता या कामाची वेळ मला कुणी सांगितली नव्हती. ती पुढच्या एका सोमवारी साडेआठची होती.

आणि खरं सांगू? आणखी एक कारण होतं. तू मरताना माझ्यासाठी म्हणून काही सांगितलं नाहीस, तारेचं सांगितलंस. मला राग आला होता तुझा. शेवटचा निरोप, आणि तो एका यंत्राबद्दल! आज कळतंय की तो यंत्राबद्दल नव्हताच. तू एका मुलीच्या हाताबद्दल बोलत होतीस. मला तेव्हा ते ऐकू आलं नाही.

ऋतुजा आलीय. उजव्या हाताला प्लास्टर, डाव्या हातात फाइल. सोबत आई. आईने मला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “जयभीम. तुम्ही मॅडमच्या बहीण ना? तोंडावळा तसाच आहे.”

मी जयभीम म्हटलं. बाकावर सरकून जागा केली. तीच म्हणाली, “ही म्हणते कुणाचं नाव घेऊ नको. मी घेत नाही. पण माझ्या पोरीचा लिहायचा हात आहे. कुणाच्या हातून झालं, तेवढं कळू द्या. मग मी गप बसेन.”

“आई, अगं मी सांगितलं ना, माझीच चूक आहे,” ऋतुजा म्हणाली. “मी हाताने दाबून बघितलंच नाही. सर म्हणाले, वेळ नाही, चालू करा. मी केलं. शालिनी मॅडम असत्या तर कसल्या ओरडल्या असत्या मला!”

मग ती माझ्या बाजूला बसली आणि डाव्या हाताने फाइलमधून एक कागद काढला. ग्राफ होता. यंत्राने त्या सकाळी स्वतःच नोंदवलेला. आधी लहान लाट, मग मोठी, मग आणखी मोठी, आणि मग रेघ एकदम सपाट.

“काकू, ही सपाट रेघ म्हणजे माझी बोटं,” ती म्हणाली, आणि हसली! आई म्हणाली, “थोबाड फोडीन.” ऋतुजाने आवाज खाली आणला. “ज्याला ग्राफ वाचता येतो त्याला कळेल. तार उलटी होती. आणि तार उलटी कोण करायचं, ते सगळ्या बॅचला माहीत आहे. पण आम्ही कुणीच बोललो नाही. बबनकाका नको म्हणाले. ग्राफ आत देऊ की नको, तेच कळत नाहीये. तुम्ही सांगा.”

बघ ताई, तुझं काय वजन आहे या इमारतीत! बोटं मोडलेली मुलगी म्हणते माझी चूक. नोकरी जाणारा माणूस म्हणतो माझी चूक. विभागप्रमुख म्हणतात कागद घरी ठेवा. सगळे तुझ्या बाजूने दाबतायत. एकही जण विरोध करत नाही. तूच शिकवलं होतंस ना, असं झालं की काय समजायचं?

मी ऋतुजाला म्हटलं, “ग्राफ दे. घाबरू नकोस.” तिच्या आईला म्हटलं, “अकरा वाजता कळेल तुम्हाला. तुम्हीपण आत या.”

अकरा वाजून पाच मिनिटं झाली. दार अजून उघडलेलं नाही. आत खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतायत. बबनदादा जिन्याजवळ उभे आहेत, माझ्याकडे बघत नाहीत. नवे सर आत्ता समोरून गेले. पंचविशीचे असतील. मान खाली, हातात रुमाल पिळलेला. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं का गं काही?

आता या वहीचं. तू दोन रकाने आखले होतेस. ‘उलटी’ आणि ‘सुलटी’. प्रत्येक वेळची तारीख, वार, वेळ, आणि तुझी छोटी सही, दोन्हीकडे. अकरा वर्षांच्या नोंदी आहेत. एकही चुकलेली नाही. शुक्रवारी उलटी, सोमवारी सुलटी. पानामागून पान. मी तुझी निष्काळजी बहीण, पण तू निष्काळजी नव्हतीस, हे या वहीइतकं कुणीच सांगू शकणार नाही. शेवटची ओळ त्या शुक्रवारची आहे. संध्याकाळी पाच चाळीस. ‘उलटी’ भरलेला. ‘सुलटी’ रिकामा.

काल घरी डायनिंग टेबलावर ही वही उघडून मी बसले होते. हातात पेन होतं. तुझी सही मला लहानपणापासून येते, प्रगतिपुस्तकावर बाबांची तू करायचीस आणि गंमत म्हणून कागदावर तुझी मी. त्या रिकाम्या चौकोनात एक सही केली असती, तर तू सुटली असतीस, मी सुटले असते. पितळी पाटी लागली असती. फक्त बबनदादा उरले असते.

पेनचं टोपण उघडलं होतं मी, ताई. लपवत नाही तुझ्यापासून.

मग दुसरं सुचलं. शेवटचं पान फाडावं. बाकीची वही तशीच ठेवावी. हेही बराच वेळ सुचत राहिलं. पण मग मला तुझी ती नजर आठवली, त्या उंच मुलाच्या हाताकडे बघणारी. काही न बोलणारी. मी टोपण लावलं.

तुझ्या नावाला डाग लागेल का? लागेल. थोडा लागेल. तू शुक्रवारी फिरवायला नको होती ती तार. पाटी अडकवायला हवी होती. हे मी आत जाऊन सांगणार आहे, आणि तुझ्याबद्दल असं बोलताना माझा आवाज नीट राहील की नाही, ठाऊक नाही. पण मोठा डाग माझा आहे. तुला तुझी चूक कळली होती. छातीत कळा येत असताना ती तू दुरुस्त करायला निघाली होतीस. ती मधेच अडकली, माझ्यापाशी. हे कुणालाच माहीत नाही. बबनदादांना नाही, त्या मुलीला नाही. मी बोलले नाही तर कधीच कळणार नाही. म्हणून तर बोलायला हवं, नाही का?

दार उघडलं. शिपाई म्हणतोय, “वनिता मॅडम, चला. कागदपत्रं काही आणली असतील तर ती पण मागितलीयेत.”

त्याला म्हटलं, एक मिनिट. सही राहिलीय.

तर ताई, शब्द देते. ही वही मी आत्ता आत देईन. सगळी पानं तशीच, मागची ही पानंसुद्धा. मला तोंडाने सांगताना रडू आलं, शब्द गिळले, कुणाला वाचवायला काही मऊ बोलले, तरी इथे लिहिलेलं राहील. बबनदादांसमोर उभी राहून सांगेन की मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. आणि तो शेवटचा चौकोन तुझ्या नावाने भरणार नाही. तिथे माझी सही करते, माझ्या अक्षरात, आजच्या तारखेची. सात आठवडे उशिरा.

तुझी,
वनू